एकटीच्या संसारात थेट रोख मदत पोचते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खेड्यात राहणारी एक आई आहे. नवरा वारलेला किंवा सोडून गेलेला, आणि ती रोजंदारीवर दोन-तीन मुलं वाढवते आहे. तिला दर महिन्याला थेट हातात पैसे दिले तर घरात नेमकं काय बदलतं, ते पैसे वाया तर जात नाहीत ना, आणि द्यायचेच तर कसे द्यावेत? अशा कार्यक्रमांची आखणी करणं, ते चालवणं आणि नंतर घरोघरी बसून काय झालं ते समजून घेणं हेच माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकाच मोठ्या माणसाचं घर म्हणजे दोघांच्या घराचं अर्धं, असा हिशेब बहुतेक योजना करतात. तो चुकीचा आहे. दोघांच्या घरात मूल तापाने फणफणलं तर एक जण घरी थांबतो, दुसरा कामावर जातो. एकटीच्या घरात त्याच तापाने त्या दिवसाची मजुरी बुडते, औषधाचा खर्च वाढतो आणि दोन दिवसांनी कामावर गेलं तर तिच्या जागी दुसरी उभी असते. पाणी, सरपण, स्वयंपाक, शेताचा तुकडा, घरातलं म्हातारं माणूस, दवाखान्याची रांग, कचेरीतला अर्ज, सगळ्याला हात दोनच. तिथे टंचाई पैशांची असते तशीच तासांचीही असते, आणि या दोन्ही टंचाया एकमेकींना वाढवत नेतात. म्हणून अशा घरात मदतीचा परिणाम मोजताना पैसे कोणत्या वस्तूंवर गेले एवढंच पाहून भागत नाही. पूर्वी नाइलाजाने पत्करावी लागणारी कोणती गोष्ट तिला आता नाकारता आली, हे मी आधी विचारते.

पहिल्या काही महिन्यांत बाहेरून पाहणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. नवीन भांडं नाही, नवीन कपडे नाहीत. पैसे जातात जुन्या उधारीत. देणगीदार इथे हिरमुसतात, ‘आम्ही मुलांच्या पोषणासाठी दिले आणि ते दुकानदाराला गेले’ असं म्हणतात. मला मात्र ही सर्वांत आश्वासक सुरुवात वाटते. उधारीवर घेणाऱ्याला भाव करता येत नाही, माल निवडता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. कामाच्या आधीच उचल घेतलेली असेल तर मजुरीचा दर ठरवण्याचा हक्कही गेलेला असतो. हंगामात जिथे जास्त पैसे मिळतात तिथे ती जाऊ शकत नाही, कारण तिचे दिवस आधीच विकले गेलेले असतात. उधारी फिटली की तेवढ्याच मजुरीत जास्त सामान येतं आणि तेवढ्याच कष्टात जास्त मजुरी मिळते. हा फायदा खर्चाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

घानामधल्या ‘लीप’ या सरकारी योजनेचा अनुभव इथे फार शिकवणारा आहे. 2008 साली सुरू झालेल्या या योजनेत हप्ते वेळेवर येत नव्हते. 2011मध्ये तर लांब खंड पडला आणि नंतर थकलेले हप्ते एकदम दिले गेले. मूल्यमापनात कुटुंबांचा रोजचा खर्च वाढलेला दिसला नाही. पण कर्जाचा बोजा कमी झाला होता, बचत वाढली होती आणि लोक नातेवाइकांना, शेजाऱ्यांना पुन्हा देऊ लागले होते. म्हणजे पैसा कधी येईल याची खात्री नसली की शहाणं माणूस तो रोजच्या जेवणात घालत नाही. मिळेल तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरवून घेतं. नेहमीच्या खाण्यापिण्यात सुधारणा हवी असेल तर रकमेइतकीच तारीखही पक्की हवी.

त्यातली ‘पुन्हा देऊ लागले’ ही बाब एकट्या आईच्या बाबतीत मी फार महत्त्वाची मानते. खेड्यात अडीनडीला उपयोगी पडतं ते देण्याघेण्याचं नातं. वाटीभर पीठ, दिवसभराची मदत, आजारपणात रात्रभर सोबत. या व्यवहारात परतफेड करू न शकणारा हळूहळू बाहेर पडतो. कुणी त्याला हाकलत नाही. तोच लाजेने मागणं थांबवतो आणि कार्याला जाणंही टाळतो. नवऱ्यामागे एकटी पडलेली बाई या वर्तुळातून फार लवकर बाहेर जाते, कारण तिच्याकडे परत द्यायला पैसेही नसतात आणि वेळही नसतो. मदत सुरू झाल्यावर तिने भाचीच्या लग्नात काही दिलं, शेजारणीला हातउसने दिले, अशी नोंद पाहणी करणाऱ्या तरुणांना उधळपट्टी वाटते. मी त्यांना थांबवते. ती तिथे स्वतःचा विमा भरत असते. पुढच्या आजारपणात तिच्या मुलाजवळ कोण बसणार, हे त्या खर्चावर ठरतं.

खाण्याबद्दल फार लिहायला नको. जवळजवळ सगळीकडे जेवणाची संख्या आणि ताटातले प्रकार वाढतात, आणि आई स्वतः जेवू लागते. दारू-तंबाखूची शंका प्रत्येक सभेत निघते. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी जगभरातल्या 19 अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदतीमुळे या खर्चात वाढ झाल्याचं त्यांना आढळलं नाही, उलट कल किंचित घटीकडेच होता. या शंकेवर मी आता सभेतला फार वेळ जाऊ देत नाही.

खरी चर्चा व्हायला हवी ती कामाबद्दल. ‘पैसे मिळाले की काम सोडतील’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात सरकारी योजना तपासल्या. काम कमी झाल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही. पण एकूण कामाचा आकडा स्थिर राहिला तरी कामाचा प्रकार बदलतो, आणि आपल्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. मलावीमध्ये मचिंजी जिल्ह्यात 2006मध्ये सुरू झालेली योजना मुद्दाम अशाच घरांसाठी होती जिथे धडधाकट माणूस नाही, किंवा एका कमावत्या माणसामागे तीनपेक्षा जास्त खाणारी तोंडं आहेत. तिथे मोठी माणसं दुसऱ्याच्या शेतावरच्या सुट्या मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे वळली. झांबियात 2010पासून पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरांना विनाअट रक्कम मिळू लागली, तिथेही बायकांची शेतमजुरी घटली आणि स्वतःची शेती व छोटे धंदे वाढले. मध्य प्रदेशात 2011मध्ये कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगात प्रत्येक प्रौढाला सुरुवातीला महिना 200 आणि मुलामागे 100 रुपये मिळत होते, नंतर ते 300 आणि 150 झाले. तिथेही मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे असाच ओघ दिसला.

याचं कारण सोपं आहे. पेरणीच्या ऐन दिवसांत घरात दाणा नसला की बाई दुसऱ्याच्या शेतात जाते, कारण तिथे संध्याकाळी पैसे मिळतात. स्वतःच्या तुकड्यावरची पेरणी आठ-दहा दिवस मागे पडते, तण वाढतं, आणि पुढच्या हंगामाचं पीक तिथेच मारलं जातं. तिला शेती येत नाही असं नाही. तिला तेवढे दिवस थांबणं परवडत नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारी छोटी रक्कम ते दिवस विकत घेते. ज्या घरात दुसरा कमावता आहे तिथे एक जण मजुरीला आणि एक जण स्वतःच्या शेतात अशी वाटणी होते. एकटीच्या घरात ती वाटणी रोख मदतच घडवून आणते. स्वतःची जमीन मुळीच नसेल तर हा परिणाम अर्थातच फिका पडतो. तिथे शिवणकाम, कोंबड्या, छोटी विक्री अशा दिशा दिसतात, पण त्यांना वेळ लागतो आणि बाजार जवळ असावा लागतो.

आणि समजा तिने बाहेरचं काम खरंच थोडं कमी केलं, तर? मला ते अपयश वाटत नाही, आणि याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या ग्रामीण, डोंगराळ भागात 1993पासून 1,420 मुलांचा पाठपुरावा सुरू होता. त्यांतली सुमारे पाव मुलं मूळनिवासी अमेरिकन होती. पुढे चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात कॅसिनो उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येकाला मिळू लागला. काही घरं त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांतल्या मुलांचे वागणुकीचे त्रास, म्हणजे मारामारी, उद्धटपणा, नियम मोडणं, कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आले. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तसा बदल दिसला नाही. हा फरक कशामुळे पडला हे शोधताना सर्वांत मोठा वाटा निघाला तो आईबापांच्या मुलांवरच्या लक्षाचा. त्यांना मुलांकडे पाहायला वेळ मिळू लागला होता. पुढे रँडल अकी आणि सहकाऱ्यांना असंही दिसलं की सर्वांत गरीब घरांत वर्षाला सुमारे 4,000 डॉलरच्या या जादा उत्पन्नामुळे मुलांचं शिक्षण वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत साधारण एक वर्षाने वाढलं. एकट्या आईच्या घरात लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नसतं. तिने संध्याकाळचे दोन तास घरी काढले तर तो मदतीचा थेट लाभच समजा.

मुलांविषयी बोलताना एका मुलाकडे नेहमी दुर्लक्ष होतं: सर्वांत मोठ्या मुलाकडे, बहुधा मुलीकडे. एकल पालकाच्या घरात दुसऱ्या मोठ्या माणसाची रिकामी जागा तीच भरते. धाकट्यांना सांभाळणं, चूल, पाणी, हंगामात आईबरोबर कामावर जाणं. शाळेत तिचं नाव असतं, पण तिची हजेरी हंगामाप्रमाणे चालते. मदतीचा परिणाम पाहायचा असेल तर सरासरी हजेरी विचारू नका. या मोठ्या मुलीची पेरणी-कापणीच्या महिन्यांतली हजेरी विचारा. मेक्सिकोच्या ‘प्रोग्रेसा’ या सरकारी रोख मदत योजनेने 1997मध्ये हे ओळखलं होतं. तिथे माध्यमिक वर्गांपासून मुलींची शिष्यवृत्ती मुलांपेक्षा जास्त ठेवली होती, इयत्तेबरोबर ती वाढत जायची, आणि पैसे आईच्या हातात जायचे. माध्यमिक शाळेतली नोंदणी, विशेषतः मुलींची, वाढली.

पण त्या योजनेला अटी होत्या: शाळेची हजेरी, आरोग्य केंद्रातल्या तपासण्या, आरोग्यावरच्या व्याख्यानांना उपस्थिती. अटी लावाव्यात की नाही हा तुम्हाला पडणारच असलेला प्रश्न आहे. मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात सारा बेअर्ड, क्रेग मॅकिंटॉश आणि बर्क ओझलर यांनी 2008-09मध्ये किशोरवयीन मुलींवर केलेला प्रयोग यावर सर्वांत प्रामाणिक उत्तर देतो. काही मुलींच्या घरांना शाळेच्या हजेरीच्या अटीवर पैसे मिळाले, काहींना विनाअट. शिक्षणात अट असलेला गट पुढे गेला. मात्र ज्या मुली तरीही शाळा सोडून गेल्या, त्यांच्यात लवकर लग्न आणि गरोदरपण विनाअट गटात बरंच कमी राहिलं. अटीच्या गटात शाळा सुटली की पैसेही बंद झाले, आणि ज्या मुलीला आधाराची सर्वांत जास्त गरज होती तीच आधाराविना राहिली.

एकल पालकाच्या बाबतीत माझा कौल विनाअट मदतीकडे आहे. अट पाळायला वेळ लागतो, आणि या घरात वेळ सर्वांत महाग आहे. सभेला हजर राहा, अंगठा द्या, दाखला आणा, अशा प्रत्येक गोष्टीला अर्धा दिवस जातो. दोघांच्या घरात तो अर्धा दिवस कुणीतरी सोसतं. इथे तो मजुरीतून जातो. शिवाय अट मोडते ती बहुधा संकटातच: मूल आजारी, आई आजारी, हंगामी स्थलांतर. नेमक्या त्या महिन्यात हप्ता कापणं मला अन्यायाचं वाटतं. त्याऐवजी पैसे देताना ‘हे मुलांसाठी आहेत’ एवढं स्पष्ट सांगितलं तरी बरंच साधतं. मोरोक्कोत ‘तायसीर’ नावाच्या योजनेत पैसे शिक्षणासाठी म्हणून दिले गेले. सक्तीची अट जोडल्याने त्यात फारशी भर पडली नाही. लेसोथोच्या बालअनुदानातही मुलांसाठी म्हणून सांगितलेले पैसे मुलांच्या कपड्या-बुटांकडे वळलेले दिसले.

तायसीरमध्ये आणखी एक गोष्ट दिसली: पैसे आईला दिले की बापाला, याने निकालात विशेष फरक पडला नाही. एकट्याने मुलं वाढवणारे बापही खेड्यात आहेत, आणि योजना त्यांना सहसा मोजतच नाहीत. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धवेतनावरच्या एस्थर डुफ्लो यांच्या अभ्यासात पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींची वाढ सुधारली, आजोबांना मिळाल्यास तसं झालं नाही. यातून मी एवढंच घेते की ज्या हातांनी मूल रोज भरवलं जातं त्या हातांत पैसे द्यावेत. ते हात आईचे, आजीचे किंवा बापाचे असू शकतात.

इथून पात्रतेच्या प्रश्नाकडे येते, कारण चांगल्या योजना इथेच आपटतात. ‘एकल’ हे सिद्ध कसं करायचं? विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. नवरा परागंदा झालेल्या बाईकडे काय असतं? घटस्फोट झालेला नाही, मृत्यू झालेला नाही, कागदावर ती सुवासिनी आहे. सर्वांत अडचणीतली बाई कागदाअभावी बाहेर राहते. आणि एकटेपणाची अट ठेवली की शेजारीपाजारी तिच्या दारावर नजर ठेवू लागतात. कोण आलं, कोण गेलं, कुणाशी बोलली. मदतीच्या नावाखाली तिच्या चारित्र्याची पंचाईत सुरू होते. अमेरिकेत 1911पासून विधवा आणि एकट्या मातांसाठी सुरू झालेल्या निर्वाहवेतनात ‘योग्य आई’ असण्याची अट होती आणि अधिकारी घरी येऊन ते ठरवत.

दक्षिण आफ्रिकेने यातून एक वाट काढली आहे आणि ती मला फार पटते. वर्णभेदाच्या काळात तिथे एकट्या पालकांसाठी निर्वाह अनुदान होतं, पण बहुसंख्य कृष्णवर्णीय बायकांपर्यंत ते पोचतच नव्हतं. 1995-96मध्ये फ्रान्सी लंड यांच्या समितीने सुचवलं की पालकाची वैवाहिक स्थिती पाहूच नका, अनुदान मुलाच्या मागे जाऊ द्या. 1998मध्ये सात वर्षांखालच्या मुलांसाठी महिना 100 रँड (तिथलं चलन) अशी बालआधार अनुदानाची सुरुवात झाली. मुलाचा मुख्य सांभाळ करणाऱ्याला ते मिळतं, आणि पुढे वयाची मर्यादा टप्प्याटप्प्याने 18पर्यंत गेली. तुमची संस्था छोटी असली तरी हे तत्त्व वापरता येईल. लग्नाचा कागद मागू नका. ‘या घरात मुलं किती, आणि त्यांच्यामागे कमावता मोठा माणूस किती’ एवढंच विचारा. पुढे तिने दुसरं लग्न केलं तर लगेच मदत तोडू नका. मदत टिकावी म्हणून लपूनछपून राहायची वेळ तिच्यावर आणणं वाईट.

रक्कम मुलांच्या संख्येप्रमाणे हवी. घरामागे एकच ठरावीक आकडा ठेवला तर चार मुलांच्या घरात तो चार ठिकाणी फाटतो. महागाईप्रमाणे दरवर्षी थोडी वाढ करा, नाहीतर तिसऱ्या वर्षी तुम्ही पहिल्या वर्षापेक्षा कमी मदत देत असता आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

एकरकमी द्यावं की महिन्याला, यावर पश्चिम केनियातला योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांचा 2016चा अभ्यास पाहण्यासारखा आहे. ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने काही घरांना एकदम, काहींना महिन्याला पैसे दिले. महिन्याला मिळालेल्या घरांत अन्नाची शाश्वती जास्त सुधारली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर जास्त खर्च केला. पुष्कळांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले. बाहेरच्याला छप्पर म्हणजे चैन वाटते, पण गवत वरचेवर बदलावं लागतं, त्याला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. एकटीच्या घरात ते काम करायला माणूसही नसतं. केनियातल्याच दीर्घकालीन प्रयोगात बारा वर्षं महिन्याला पैसे मिळण्याची खात्री असलेल्यांनी भिशीसारख्या गटांतून स्वतःच मोठ्या रकमा उभ्या केल्याचं दिसलं आहे. माझा सल्ला: महिन्याचा हप्ता हा कणा ठेवा, आणि सुरुवातीला किंवा पेरणीच्या आधी एक मोठा हप्ता द्या. पहिल्याने घर चालतं, दुसऱ्याने उधारी आणि बियाणं सुटतं. तारीखही शाळेच्या फीची, खताची, मजुरीच्या मंदीची वेळ पाहून तिला विचारूनच ठरवा.

पैसे हातात पडण्याची वाट तपासून घ्या. बँक किंवा वाटपाचं ठिकाण लांब असेल तर प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी मिळून हप्त्याचा मोठा तुकडा तिथेच जातो. मोबाइलवर पैसे येत असतील तर फोन नक्की कुणाचा आहे हे पाहा. दिराच्या, भावाच्या किंवा मुलाच्या फोनवर येणारे पैसे तिचे राहतीलच असं नाही. वाटपाचा गाजावाजा करू नका. यादी चावडीवर लावून तिच्या गरिबीची जाहिरात करायला नको. तरीही नातेवाईक मागायला येणारच. तिला ‘हे मुलांच्या नावाचे आहेत, मला मोडता येत नाहीत’ असं म्हणता यावं, एवढं एक साधं पत्र तिच्या हाती ठेवा. त्या पत्राचा मोठा उपयोग होतो.

मनावरच्या परिणामाबद्दल मी जपून बोलते, कारण तिथे भावनेच्या भरात अतिशयोक्ती होते. केनियातल्या 2016च्या त्या अभ्यासात समाधान वाढलेलं आणि ताण कमी झालेला आढळला. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या दॉफिन या ग्रामीण गावात 1974 ते 1979 दरम्यान किमान उत्पन्नाची हमी दिली होती. एव्हलिन फॉर्जे यांनी नंतर जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण तुलनेने 8.5 टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात मानसिक तक्रारी व अपघात-दुखापती ठळक होत्या. अलीकडे 37 देशांच्या आकडेवारीवर 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरकारी रोख योजनांचा संबंध प्रौढ स्त्रियांच्या मृत्यूचा धोका 20 टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा 8 टक्क्यांनी कमी होण्याशी दिसला. एकाच पालकावर उभ्या असलेल्या घरात आई जिवंत आणि धडधाकट राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पैशाने जे होत नाही तेही स्पष्ट ठेवा. गावात डॉक्टर नसेल तर पैसे असूनही उपचार नाहीत. शाळेत शिक्षक नसेल तर वाढलेल्या हजेरीने शिक्षण होत नाही. लहान मुलं ठेवायला सुरक्षित जागा नसेल तर आई मोकळी होत नाही; या एका गोष्टीसाठी, म्हणजे चांगल्या पाळणाघरासाठी, मी रोख निधीतला काही भाग बाजूला काढायला तयार असते. बाजाराचंही पाहावं लागतं. पश्चिम केनियात 10,500हून जास्त घरांना सुमारे 1,000 डॉलर दिले गेले तेव्हा भाव जेमतेम 0.1 टक्क्यांनी वाढले आणि स्थानिक अर्थव्यवस्थेत दिलेल्या पैशांच्या अडीच पट उलाढाल झाली. पण फिलिपिन्समधल्या दुर्गम खेड्यांत, जिथे बहुतेक घरं लाभार्थी होती, अंड्यांसारख्या नाशवंत पौष्टिक पदार्थांचे भाव चढले आणि ज्या घरांना मदत नव्हती त्यांच्या मुलांची वाढ खुंटण्याचं प्रमाण वाढलं. रस्ता कच्चा आणि दुकानं एक-दोनच असतील तर आधी माल पोचण्याची सोय पाहा.

शेवटी, मदत किती काळ द्यावी. मलावीच्या झोम्बा जिल्ह्यातल्या किशोरवयीन मुलींच्या त्या प्रयोगात दोन वर्षांनी पैसे थांबले आणि विनाअट गटात टळलेली लग्नं, टळलेली गरोदरपणं काही काळातच भरून निघाली. तो लाभ पैसे चालू असेपर्यंतचाच होता. त्या उलट अमेरिकेतल्या मातांच्या निर्वाहवेतनाचे जुने अर्ज ॲना आयझर आणि सहकाऱ्यांनी तपासले. मंजूर झालेल्या आणि नाकारल्या गेलेल्या अर्जांतल्या मुलग्यांची तुलना केली, तर मंजूर घरांतली मुलं सरासरी एक वर्ष जास्त जगली, त्यांचं शिक्षण सुमारे एक तृतीयांश वर्षाने जास्त झालं आणि मोठेपणी कमाईही जास्त होती. ती मदत साधारण तीन वर्षं चालायची. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर माझ्या मते फरक वयाचा आहे. लहानपणी मिळालेलं पोषण आणि शिक्षण शरीरात आणि डोक्यात उरतं. किशोरवयात फक्त टाळलेला धोका पैसे थांबले की परत येतो. म्हणून निधी मर्यादित असेल तर धाकटं मूल शाळेत रुळेपर्यंत आणि मोठी मुलगी माध्यमिक शिक्षण पूर्ण करेपर्यंत, या दोन्हींत जे उशिरा येईल तोवर मदत चालू ठेवा. तेवढी वर्षं परवडत नसतील तर घरं कमी घ्या, वर्षं कमी करू नका. मदत कधी थांबणार ती तारीख पहिल्याच दिवशी सांगा आणि शेवटच्या वर्षभरात हप्ता टप्प्याटप्प्याने उतरवा. पेरणीच्या तोंडावर किंवा शाळा उघडण्याच्या महिन्यात तो कधीही बंद करू नका.